बारा हजारांची मोटार

मुंबईस ज्यांचे जाणे-येणे झाले आहे, अशा आमच्या वाचकांस काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची ती जुनी टॅक्सी आठवत असेल. टपावरच्या कॅरियरला ट्रंका व वळकट्या बांधल्या, आत थोरांच्या मांडीवर लहानांना बसविले, की सारे बिऱ्हाड स्टेशनावर पोहोचत असे. त्या मोटारीचे नाव प्रीमियर पद्मिनी. तिच्या कुळाची हकीगत आज सांगावी असे आम्हांस वाटते. कारण संसाराला पेलणारी वस्तू कशास म्हणावे, हे तीवरून चांगले उमगते.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. आरंभी तेथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या तयार होत. त्या ऐसपैस खऱ्या, परंतु पेट्रोल फार पिणाऱ्या. पुढे इटलीतील तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० नंतरच्या दशकात 'फियाट ११००' ही आटोपशीर गाडी कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. तिच्या गोल, फुगीर बांध्यावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवले. पण त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता. पुढे तिचा आकार चौकोनी झाला, नावेही डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी अशी बदलत गेली. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मात्र जवळजवळ तेच राहिले. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच जोडलेला असल्यामुळे पुढे बाकासारखी सलग बैठक असे, आणि तीवर चालकाच्या शेजारी दोघेजण बसू शकत.

ही गाडी स्वस्त होती काय? १९६४ साली तिची किंमत सुमारे बारा हजार रुपये होती. शाळामास्तराच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम! त्या वर्षी पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. मुलांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घेण्याचे ठरविले, तेव्हा बँकेत सात हजारच निघाले. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज अजून फिटावयाचे होते. त्यांच्या पत्नी ललितादेवी ह्यांनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मोटार आजही दिल्लीतील शास्त्री-स्मारकात जपून ठेविलेली आहे.

पैसे जमले तरी गाडी लगेच हाती येत नसे. कारखान्यांनी किती गाड्या काढाव्या, हे सरकारी परवान्यांवर अवलंबून होते; त्यामुळे नाव नोंदवून ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्पर्धा नसल्यामुळे सुधारणाही थोड्याच झाल्या. घाट चढताना थांबून रेडिएटरात पाणी ओतणे हा तर प्रवासाचा नेहमीचाच भाग होता. जुने ते सर्वच सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु ह्या गाडीचा खरा गुण तिच्या दुरुस्तीत होता. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांसमोर. कार्बुरेटर, प्लग, पंख्याचा पट्टा ह्यांपुढे गूढ असे काही नाही. इंजिन फारसे न बदलल्यामुळे सुटे भाग मिळत आणि साध्या गॅरेजातील मिस्त्रीही तिला वाटेस लावी. टॅक्सीवाल्यांनी तिला पसंती दिली ती ह्याचसाठी. अरुंद गल्लीत ती सहज वळे, ॲम्बॅसेडरपेक्षा आकाराने लहान, आणि बिघडली तरी धनी फार दिवस उपाशी राहत नसे. तिच्या मिळकतीवर कित्येकांनी गावी घर बांधले, मुलींची लग्ने केली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ती हलकी, वेगवान व पेट्रोल वाचविणारी असल्यामुळे कुटुंबांचा ओढा तिकडे वळला. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीच्या आयुष्यास तेथे वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तिचीही सेवा संपली.

आज हप्त्यांनी मोटार घेणे सोपे झाले आहे, आणि आमच्या खेड्यांतूनही दारापुढे नवी गाडी दिसू लागली आहे. ह्याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि घेणाऱ्याने किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: ही वस्तू बिघडल्यास आपल्या गावात नीट होईल काय? आणि उद्या मिळवता हात नाहीसा झाला, तर मागे राहणाऱ्यांना हप्ता झेपेल काय? ह्या दोहोंचे उत्तर 'होय' असेल, तरच ती मोटार आपल्या ऐपतीतली समजावी.