डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे

मागे एका गावात भूजलावरच्या बैठकीत मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचं उदाहरण दिलं. तिथे माती-पाण्याचा कारभार २३ ‘नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट’ बघतात, ते विहिरींवर मीटर बसवायला लावतात, पाण्याचा वाटा ठरवून देतात, असं मी रंगात येऊन सांगत होतो. मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, “तिकडचे कलेक्टर कडक असतील.” सगळे हसले, मीही हसलो. परतताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं की चूक आजोबांची नव्हतीच. ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द मी जसाच्या तसा पुढ्यात टाकला आणि ऐकणाऱ्यांनी आपल्या सवयीचा अर्थ घेतला. एक शब्द असा निसटला की त्याच्यामागून बाकीचे गैरसमज आपोआप येतात.

“डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हाच की!”

आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी तिकडची गोष्ट म्हणजे काउंटी. नेब्रास्कात अशा ९३ काउंट्या आहेत. डिस्ट्रिक्ट हे वेगळंच प्रकरण. त्याला कलेक्टर नाही, पोलीस नाहीत, जमिनीच्या नोंदीही त्याच्याकडे नाहीत. माती, पाणी, पूर आणि झाडं एवढ्यापुरती ती एक स्थानिक संस्था आहे. तिची हद्द ढोबळमानाने नदीच्या खोऱ्यावरून आखलेली असते, जमेल तिथे काउंटीची शीवही सांभाळलेली असते. रिपब्लिकन ही तिथली एक नदी; अप्पर रिपब्लिकन, मिडल रिपब्लिकन, लोअर रिपब्लिकन अशी नावं ओळीने वाचली तरी नदीचा उतार कळतो.

या संस्थांचा जन्म धुळीतून झाला. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानांतली नांगरलेली माती वाऱ्याने उडाली. १९३४च्या मे महिन्यातली धूळ तर थेट वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. १९३५मध्ये मृदसंधारणाचा केंद्रीय कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाकडे त्यातून उभ्या राहिलेल्या खात्याची सूत्रं गेली. पण खासगी शेतात सरकारी माणसाने घुसून बांध घालायचा कसा? म्हणून १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला. गावकऱ्यांनी अर्ज करावा, मतदान घ्यावं आणि आपली संवर्धन संस्था आपणच उभी करावी, असा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲन्सन काउंटीत ‘ब्राउन क्रीक’ ही पहिली संस्था झाली. ती काउंटी बेनेट यांची जन्मभूमी. आज देशभरात अशा सुमारे तीन हजार संस्था आहेत.

“वरून आदेश आला की खाली अंमलबजावणी, एवढंच असणार”

नेब्रास्कातल्या डिस्ट्रिक्टचं संचालक मंडळ निवडणुकीने येतं, चार वर्षांसाठी, पक्षचिन्हाशिवाय. मतदान फक्त शेतकरी करतात असंही नाही. हद्दीतला कुठलाही मतदार मत देऊ शकतो, ओमाहा शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारासुद्धा. केंद्राच्या खात्याचे अभियंते मदतीला असतात, अनुदानंही येतात, पण मालकी तिथल्या मंडळाची.

उलट बाजूने आणखी एक गैरसमज आहे, आणि तो माझ्यासारखे लिहिणारे पसरवतात: ‘अमेरिकेत असं असतं.’ नसतं. बहुतेक राज्यांतल्या संवर्धन संस्था फक्त सल्ला देतात, रोपं देतात, योजना राबवतात. कुणाची मोटर बंद करायची ताकद त्यांच्यात नसते. नेब्रास्काने १९७२मध्ये १५४ लहान-मोठ्या संस्था मोडून २४ मोठे डिस्ट्रिक्ट केले (१९८९मध्ये दोघांचं एक झालं, म्हणून आता २३), त्यांना मालमत्ता कर लावण्याचा अधिकार दिला आणि १९७५च्या कायद्याने भूजलाचं नियमनही त्यांच्याच हाती सोपवलं. इतक्या खुर्च्या कमी झाल्यावर काय रुसवेफुगवे झाले असतील, याची कल्पना आपल्याला सांगायला नको.

“तिकडे शेतकरी मोजके, जमिनी अफाट, म्हणून जमतं”

जमिनी अफाट आहेत हे खरं. पण नेब्रास्कात आजही सुमारे ४४ हजार शेतं आहेत आणि सिंचनाच्या नोंदलेल्या विहिरी ९० हजारांवर. नव्वद हजार पंपांना शिस्त लावणं हे मोजक्यांचं काम नव्हे. राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या पट्टीतला. वर मका, खाली ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा, आणि शेतात चाकांवर गोल फिरणारी लांबलचक फवारणीची नळी, सेंटर पिव्होट. विमानातून हिरव्या चकत्या दिसतात त्या याच.

तिथे अप्पर रिपब्लिकन डिस्ट्रिक्टने १९७०च्या दशकाच्या शेवटी पाण्याचा वाटा ठरवायला सुरुवात केली आणि विहिरींवर मीटर सक्तीचे केले. मीटर म्हणजे फार काही नाही. पंपातून निघणाऱ्या पाइपात एक छोटा पंखा, पाणी वाहिलं की तो फिरतो आणि वरच्या काचेखाली गाडीच्या किलोमीटरसारखे आकडे सरकतात. हंगामाअखेर तो आकडा डिस्ट्रिक्टच्या वहीत चढतो. मीटरशी छेडछाड सापडली तर पुढच्या वाट्यातून पाणी कापलं जातं.

वाटा मोजतात इंचांत. अलीकडच्या काळात तो पाच वर्षांना मिळून ६५ इंच असा होता, म्हणजे सरासरी वर्षाला १३. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरच्या थोडं वर, आपल्या भाषेत दहा हजार लिटरचे दहा टँकर. तेरा इंच म्हणजे एकरी एकशेतीसच्या वर टँकर. आकडा ऐकून आपल्याकडे कुणालाही वाटेल, ही कसली टंचाई! पण खरी मेख ‘पाच वर्षांना मिळून’ या शब्दांत आहे. एखाद्या साली पाऊस चांगला झाला तर पाणी खात्यावर शिल्लक ठेवायचं, कोरड्या साली काढायचं. ‘वापरलं नाही तर हक्क जाईल’ ही भीती एकदा गेली की माणूस पंप आपणहून बंद करतो. मला तर या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते, मीटर नव्हे.

“सहकार्य म्हणजे सगळ्यांचं गोडीगुलाबीने एकमत”

इथे जरा थांबून सांगायला हवं. रिपब्लिकन नदी कोलोरॅडोत उगम पावते, नेब्रास्कातून वाहते आणि कॅन्ससमध्ये जाते. १९४३मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेल्या करारात तिन्ही राज्यांचे वाटे ठरले: नेब्रास्का ४९ टक्के, कॅन्सस ४०, कोलोरॅडो ११. त्यावेळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नदीचं पाणी होतं. नंतर विहिरी आल्या, पिव्होट आले आणि नदी आटू लागली. कॅन्ससने १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. विहिरीच्या उपशामुळे नदीचा जो प्रवाह घटतो, तोही नदीच्या हिशेबात धरायचा, असं त्या वादात ठरलं. २००२मध्ये तडजोड झाली. मग २००५-०६च्या कोरड्या वर्षांत नेब्रास्काने पुन्हा जादा पाणी वापरलं आणि दुसऱ्यांदा कोर्टकचेरी सुरू झाली.

गंमत अशी की करारावर सही राज्याची, पण भूजलाचं नियमन डिस्ट्रिक्टच्या हाती. राज्य कोर्टात उभं राहून शब्द देणार आणि तो पाळायचा कुणी, तर वरच्या, मधल्या आणि खालच्या रिपब्लिकनच्या निवडून आलेल्या मंडळांनी. त्यांच्यात भांडण होणारच. नदीकाठची विहीर चालू केली की नदीवर परिणाम लगेच दिसतो, कित्येक मैलांवरच्या माळावरच्या विहिरीचा परिणाम दिसायला दशकं लागतात. मग आज पाणी कुणाचं कापायचं? काठावरच्याचं, कारण त्याचा फरक यंदाच पडेल? की माळावरच्याचं, कारण त्याच्या जुन्या उपशाचं बिल आता येतंय? ओढ्याच्या काठावर ज्याची विहीर आहे त्याला हा प्रश्न समजवावा लागत नाही.

यातून निघालेली वाट कुणालाच फारशी आवडणारी नव्हती. रिपब्लिकनचे तीन डिस्ट्रिक्ट आणि शेजारच्या प्लॅट नदीच्या खोऱ्यातला ट्विन प्लॅट, अशा चौघांनी स्थानिक संस्थांना एकत्र येऊ देणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली एक संयुक्त संस्था काढली. तिचं लघुनाव ‘एन-कॉर्प’. २०१२मध्ये या संस्थेने लिंकन काउंटीत सुमारे साडेएकोणीस हजार एकर जमीन घेतली. खर्च आठ कोटी डॉलरच्या वर. त्या जमिनीवरचं सिंचन कायमचं बंद केलं, मक्याच्या जागी गवत आलं. आणि विहिरींतलं पाणी पाइपलाइनने दक्षिणेला मेडिसिन क्रीक या ओढ्यातून रिपब्लिकनकडे आणि उत्तरेला प्लॅटकडे सोडायची सोय केली. गरज पडेल त्या वर्षी हे पंप चालू करायचे, नदीचा हिशेब भरायचा, म्हणजे हजारो शेतकऱ्यांचे पिव्होट ऐन हंगामात बंद करावे लागत नाहीत. पैसा मुख्यतः सिंचन करणाऱ्यांनीच भरला. २००७च्या कायद्याने डिस्ट्रिक्टना सिंचित एकरामागे दहा डॉलरपर्यंत वेगळा कर लावता येतो.

जमिनीतलं पाणी उपसून नदीत ओतायचं, हा उफराटा धंदा नाही का? टीकाकार हेच म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. योजनेच्या बाजूने सांगायचं तर पीक पाणी पिऊन हवेत उडवतं, ते त्या जमिनीवर थांबलं. पंप दरवर्षी चालवावे लागत नाहीत. आणि करारातला शब्द पाळला जातो. काउंटीच्या अंगाने तक्रार वेगळी: बागायत जमिनीचं गवताळ रान झालं की करही आटतो. चार संस्थांची सोय पाचव्याच्या अंगणात उभी राहिली, असं लिंकन काउंटीतल्या माणसाने म्हटलं तर त्याला गप्प बसवता येणार नाही.

दुसऱ्या खटल्याचा निकाल २०१५मध्ये लागला. नेब्रास्काने कॅन्ससला ५५ लाख डॉलर द्यावेत असं ठरलं. त्यातले ३७ लाख कॅन्ससच्या नुकसानीचे आणि १८ लाख त्याहून वरचे. वरचे कशासाठी? पळवलेलं पाणी नेब्रास्काच्या शेतात जास्त मोलाचं ठरत होतं, म्हणजे नुकसानभरपाई देऊनही चोरी परवडत होती. म्हणून न्यायालयाने नफ्यातलाही थोडा काढून घेतला. नेब्रास्कातल्या सहकार्याची गोष्ट सांगताना व्याख्याते हा अठरा लाखांचा भाग सहसा गाळतात. माझ्या मते चौघांना टेबलाशी बांधून ठेवणारा दोर तोच होता: खाली कुणीतरी मोजत बसलंय आणि ते कोर्टात जाऊ शकतं.

“म्हणून तर नेब्रास्काचं भूजल टिकलं!”

सिंचन सुरू होण्याआधीच्या पातळीशी तुलना केली तर ओगालालाच्या पट्ट्यात टेक्सासमध्ये पाणी सरासरी चाळीस फुटांच्या आसपास उतरलं आणि नेब्रास्कात जेमतेम फूटभर. हा आकडा भाषणात फार टाळ्या घेतो. पण नेब्रास्काला सँडहिल्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा अवाढव्य प्रदेश लाभलाय, तिथे पडलेला पाऊस चाळणीतून गेल्यासारखा खाली मुरतो. टेक्सासच्या कोरड्या पठाराला हे भाग्य नाही. शिवाय सरासरी फसवी असते. नैऋत्य कोपऱ्यातल्या, मीटर लागलेल्या भागात पातळी चांगलीच खाली गेलेली आहे. आणि पाणी टिकलं तरी ते प्यायजोगं असतं असं नाही. मक्याला घातलेल्या नत्रखताचा नायट्रेट भूजलात उतरतो. सेंट्रल प्लॅट डिस्ट्रिक्टने १९८०च्या दशकातच खताच्या वेळेवर आणि मात्रेवर नियम घातले, तरी राज्यातल्या बऱ्याच विहिरी आजही पिण्याच्या मर्यादेबाहेर आहेत.

“मग आपल्याकडे हेच आणून बसवू”

आणून बसवायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. नेब्रास्कातला वाटा एकरावर मिळतो. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही तो हिशेबात नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा वाटा माणसावर ठरवला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. या एका मुद्द्यावर शिकायला नेब्रास्काने इकडे यावं.

दुसरी गोष्ट हद्दीची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राचे दीड हजारावर पाणलोट नकाशावर आखून ठेवले आहेत, २००९च्या भूजल कायद्यात पाणलोटनिहाय समित्यांची तरतूदही आहे. म्हणजे रेघा आहेत. पण ठराव होतो ग्रामपंचायतीत, निधी येतो गावाच्या नावावर, बक्षीसही गावालाच मिळतं. एकाच ओढ्यावरच्या वरच्या आणि खालच्या गावाने एका खात्यात पैसे भरले आणि एका वहीत पाणी मांडलं, असं चित्र शोधावं लागतं.

त्या बैठकीत शेवटी मी आजोबांना सांगितलं की तिकडे कलेक्टर नसतो, मंडळ गावकऱ्यांनीच निवडलेलं असतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, “बरं, वरच्या गावचा मीटर वाचायला खालच्या गावचा माणूस जातो का?” तिकडे डिस्ट्रिक्टचा पगारी माणूस जातो, असं मी म्हणालो. “त्याचा पगार?” आजोबांचा पुढचा प्रश्न तयार होता. दोन्ही गावांच्या करातून, मी म्हटलं. मग खालच्या गावातून आलेल्या दोघांकडे सगळ्यांच्या माना वळल्या.