शेक्सपिअरचे अध्ययन, अध्यापन आणि प्रयोग : ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात ‘किंग लिअर’चा विचार

प्रस्तावना :
विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) हा इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातील अपरिहार्य नाटककार होय. परंतु शिक्रापूर, शिरूर, दौंड या परिसरातील विद्यार्थ्यापर्यंत तो बहुधा नाटककार म्हणून पोहोचतच नाही. तो पोहोचतो गाईडमधील कथासार, स्वभावचित्रे आणि संभाव्य प्रश्नोत्तरे यांच्या रूपाने. घरातील पहिल्या पिढीचा पदवीधर होऊ पाहणारा, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीपुढे थबकतो आणि हे आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष मनोमन काढतो. प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नसून या विद्यार्थ्याला जागतिक साहित्यावर आपला हक्क वाटतो की नाही, हा आहे. मराठी रंगभूमीची परंपरा, परिसरातील लोककला आणि विद्यार्थ्याचा सामाजिक अनुभव ही तिन्ही शेक्सपिअरच्या अध्यापनाची साधने कशी होऊ शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठीतील शेक्सपिअरची परंपरा :
शेक्सपिअर मराठीला परका नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ नाटक रचले. गोपाळ गणेश आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’ हाती घेतले व १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तर फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली. शाहूनगरवासी मंडळीतील गणपतराव जोशी यांनी रंगविलेला हॅम्लेट ही मराठी गद्य रंगभूमीची मोठी मिळकत ठरली.

या परंपरेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, वर्गातील अध्यापन आणि रंगमंच यांत त्या काळी भिंत नव्हती. इंग्रजी शिकलेल्या मंडळींनीच नटांच्या हाती संहिता दिल्या. दुसरी, प्रेक्षकांतील अनेकांना इंग्रजीचा गंधही नव्हता, तरीही ही नाटके त्यांना भिडली. विसाव्या शतकात वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४), विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आणि मंगेश पाडगांवकरांची भाषांतरे यांनी ही वाट पुढे नेली. नाना जोग यांनी मराठीत आणलेला ‘हॅम्लेट’ २०१८ मध्ये पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर आला. ही सारी संपदा इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवणे हे अध्यापनाचे नुकसान आहे.

भाषेची अडचण आणि मराठीचा आधार :
शेक्सपिअरची भाषा कठीण आहे हे खरे. परंतु काही बाबतींत मराठी विद्यार्थी आजच्या इंग्रजी भाषकापेक्षा अधिक सोयीच्या जागी उभा आहे. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत द्वितीय पुरुषासाठी ‘दाऊ’ आणि ‘यू’ अशी दोन सर्वनामे होती. प्रमाण इंग्रजीतून पहिले लोप पावले. मराठीत मात्र ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ हा भेद रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. ‘हॅम्लेट’मध्ये राणी मुलाला एकेरीने दटावते आणि मुलगा तेच वाक्य फिरवून आईला आदरार्थी सर्वनामाने उत्तर देतो. या आदरात किती तुटकपणा भरला आहे, हे रुसून आईला ‘अहो’ म्हणणारे पोर ज्याने पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात कॉर्डिलियाशी ‘यू’ने बोलणारा राजा रागावताच ‘दाऊ’वर येतो, आणि निष्ठावंत केंट प्रत्यक्ष राजालाच भर दरबारात एकेरीवर आणतो. ही सर्वनामे पेन्सिलीने अधोरेखित करून प्रवेश वाचला, तर नात्यांतील चढउतार कोणत्याही टीपेविना उलगडतात.

लिअरची वाटणी आणि परिसराचा अनुभव :
पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील औद्योगिकीकरणाने शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या भागांत जमिनीला मोल आले. सातबारा, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, बहिणींचे हक्कसोडपत्र हे शब्द येथील विद्यार्थ्याने घरी ऐकलेले असतात. ‘किंग लिअर’चा आरंभ नेमका वाटणीपासून होतो. वृद्ध राजा राज्य तीन मुलींत वाटायला निघतो आणि जी अधिक प्रेम बोलून दाखवील तिला अधिक वाटा देऊ करतो. धाकटी कॉर्डिलिया तोंडपूजा नाकारते आणि वाट्याला मुकते. शंभर सरदारांचा लवाजमा आणि दोन्ही मुलींकडे महिन्याच्या पाळीने मुक्काम, ही राजाची अट. प्रत्यक्षात शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे पंचवीस, आणि अखेर एक तरी कशाला हवा, असा प्रश्न मुलगीच विचारते. आईवडिलांना भावाभावांत पाळीने ठेवण्याची रीत ज्याने पाहिली आहे, त्याला हा उतरता हिशेब केवळ राजघराण्याचा वाटत नाही.

येथे कायद्याचा संदर्भही उपयुक्त ठरतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. लिअरला असे न्यायाधिकरण असते तर नाटक घडले असते का, हा प्रश्न वर्गात वादाला चांगला आहे. त्यातूनच विद्यार्थी मूळ मुद्द्यापाशी येतो : लिअरचे दुःख मालमत्ता गेल्याचे नाही, प्रेमाचे मोजमाप करता येते या समजुतीची किंमत तो मोजतो आहे. कायदा मिळकत परत देऊ शकेल, कॉर्डिलिया नव्हे.

‘नटसम्राट’शी तुलना :
शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला, गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. हे ‘किंग लिअर’चे भाषांतर आहे असा समज विद्यार्थ्यांत आढळतो, तो दूर करणे आवश्यक आहे. लिअरला पत्नी नाही. बेलवलकरांना कावेरी आहे. लिअरला तीन मुली, येथे एक मुलगा आणि एक मुलगी. कॉर्डिलियाची जागा रिकामीच आहे. वादळात लिअरला उघड्या-नागड्या गरिबांची प्रथमच आठवण होते व आपण त्यांची काळजी वाहिली नाही याची खंत वाटते. रस्त्यावर आलेल्या नटसम्राटाला बूटपॉलिश करणारा मुलगाच आसरा देतो. काय घेतले, काय सोडले आणि का, हे शोधणे म्हणजेच तौलनिक अभ्यासाचा पहिला धडा होय.

प्रयोग आणि लोककलेचे भान :
शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात (१५९९) दिवसाउजेडी प्रयोग होत. रंगविलेले पडदे नसत, स्त्रीभूमिका मुलगे करीत आणि स्वस्त दराचे प्रेक्षक उभ्यानेच नाटक पाहत. ज्याने चौफुला येथील कला केंद्र वा गावच्या यात्रेतील तमाशा पाहिला आहे त्याला हे संकेत परके नाहीत. वगात राजाने मंचावर फेरी मारली की तो दुसऱ्या गावी पोहोचतो. सोंगाड्या राजालाच चार शब्द सुनावतो. लिअरचा विदूषकही हेच करतो. मात्र साम्य दाखविताना फरकही दाखवावा. सोंगाड्या बहुधा हसवून मोकळा होतो; लिअरचा विदूषक हसवता हसवता राजाच्या वेडाचा साक्षी होतो आणि तिसऱ्या अंकानंतर दिसेनासा होतो.

यास्तव महाविद्यालयात पूर्ण नाटक बसविण्याचा अट्टहास धरू नये. पहिल्या अंकातील वाटणीचा प्रवेश व दुसऱ्या अंकातील लवाजम्याचा प्रवेश एवढे दोनच निवडावेत. प्रथम मूळ इंग्रजी मोठ्याने वाचावे, मग विंदांचे भाषांतर वाचावे, त्यानंतर विद्यार्थ्यांनी तो प्रवेश आपल्या बोलीत मांडावा आणि अखेर पुन्हा मूळ इंग्रजीकडे यावे. पडदे, वेशभूषा, नाट्यगृह यांची गरज नाही; पटांगण पुरेसे आहे. शेवटची पायरी गाळली तर मात्र हा उपक्रम इंग्रजीला दिलेली बगल ठरेल.

निष्कर्ष :
१. मराठी भाषांतरे व रूपांतरे ही मूळ संहितेला पर्याय नसून तिच्याकडे नेणारी वाट आहेत.
२. सर्वनामांचा भेद, तमाशाचे संकेत आणि वाटणीचा अनुभव या ग्रामीण विद्यार्थ्याच्या उणिवा नसून जमेच्या बाजू आहेत.
३. दोन प्रवेश जरी विद्यार्थ्याने स्वतः उभे केले, तरी त्याचे आकलन कथासाराच्या पाठांतराहून अधिक खोल होते.
४. परीक्षापद्धतीत सादरीकरणाला स्थान मिळाल्याशिवाय हे प्रयत्न शिक्षकाच्या वैयक्तिक उत्साहावरच अवलंबून राहतील.

ज्या प्रेक्षकाला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते त्याच्यापर्यंत गणपतराव जोशींनी हॅम्लेट नेला. त्याच प्रेक्षकाचे पणतू आज महाविद्यालयात येत आहेत. त्यांच्यापर्यंत शेक्सपिअर पोहोचत नसेल, तर दोष त्यांच्या आकलनात शोधण्यापूर्वी अध्यापनाच्या रीतीत शोधणे न्यायाचे होईल.