सोलापुरातून सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्रण

वासुकी तारकासमूहातील ‘मेसिए ८३’ ही सर्पिल दीर्घिका लाकाय याने १७५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून शोधली. पॅरिसच्या क्षितिजावर ती जेमतेम ११ अंश चढते, सोलापुरी सुमारे ४२. परसातील लहान दुर्बिणीस हा लाभ थोडा नव्हे. परंतु मध्यरात्री ती याम्योत्तर वृत्तावर येते ती एप्रिलच्या मध्यास, ऐन उन्हाळ्यात. आणि कॅमेऱ्याच्या संवेदकातील औष्णिक प्रवाह तपमानाच्या दर सहा-सात अंशांच्या वाढीस दुप्पट होतो. झाकण लावून त्याच तपमानास, तितक्याच अवधीची घेतलेली कृष्णचित्रे वजा केली असता त्याचा स्थिर भाग जातो, यादृच्छिक चढउतार उरतोच. ६४ चित्रांची सरासरी घेतल्यास तो आठव्या हिश्शावर येतो. नगरदीपांच्या उजेडाचाही हिशेब असाच: आकाश चौपट उजळ असेल, तर अंधुक सर्पिल भुजा तितक्याच स्पष्ट उमटण्यास सुमारे चौपट वेळ द्यावा लागतो.