दाई, सिस्टर की डॉक्टर? बाळंतपणासाठी मिडवाइफ निवडताना

घरात सून किंवा लेक गरोदर राहिली की एक प्रश्न हमखास निघतो : बाळंतपण कुठे करायचे आणि कोणाच्या हातून? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी दाई यायची, सगळं घरीच झालं. नवरा म्हणतो, खासगी दवाखाना बघू, खर्च झाला तर झाला. आणि जिला बाळंत व्हायचे आहे, तिच्या मनात वेगळीच धास्ती असते. लेबर रूममध्ये पुरुष डॉक्टर असतील का? पडदा राहील का? सिझर तर नाही ना करणार?

ही धास्ती खोटी नाही. पण तिच्यामुळे काही घरांत तपासणी टाळली जाते, कळा सुरू झाल्या तरी "अजून थोडं थांबू" म्हणत वेळ घालवला जातो. बाळंतपणात सगळ्यात महाग पडतो तो हाच वेळ. बाळंत झाल्यावर अंगावरून जास्त रक्त जाऊ लागले, तर दोन तासांतही बाई हातची जाऊ शकते. म्हणून दाई की डॉक्टर या वादात न अडकता तिसरी वाट आपण नीट समजून घ्यायला हवी. ती म्हणजे शिकलेली, नोंदणी असलेली आणि दवाखान्याशी जोडलेली मिडवाइफ.

दाई वेगळी, मिडवाइफ वेगळी

गावातली दाई किंवा सुईण अनुभवाने शिकलेली असते. तिच्या मायेची, धीर देण्याची किंमत आम्ही कमी करत नाही. पण रक्तदाब मोजणे, रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन देणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि साधने तिच्याकडे नसतात.

मिडवाइफ म्हणजे हेच काम रीतसर शिकलेली बाई. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएम या दोन्ही नर्सिंग अभ्यासक्रमांच्या नावातच मिडवाइफरी आहे. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणांपैकी पुष्कळशी आजही सिस्टरच्याच हातून होतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नोंदणीकृत नर्सला १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन मोठ्या सरकारी दवाखान्यातच मिडवाइफ चालवत असलेला वेगळा कक्ष उभा करण्याची योजना आहे. शेजारच्या तेलंगणात हे काम २०१७ पासूनच हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाले. महाराष्ट्रात हे सगळीकडे मिळेल असे नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात काय सोय आहे, ते आधीच विचारून घ्यावे.

आपल्या परंपरेला हे नवे नाही

चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' ग्रंथात बाळंतपण करण्याच्या कलेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ही कला मुख्यतः बायकांची आहे आणि समाजाला तिच्यावाचून चालत नाही, असे ते मानतात. बाळ जन्मल्याच्या बाबतीत एका दाईची साक्षही हनफी फिकहने मान्य केली आहे. म्हणजे या कामातल्या बाईच्या ज्ञानाला आपल्याकडे जुना मान आहे. तिने आजचे शिक्षण घ्यावे, हे त्या मानाला धरूनच आहे. आणि जीवावर बेतले असेल, बाई डॉक्टर हजर नसेल, तर पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला मुभा आहे, हे उलमा सांगत आले आहेत. अशा वेळी पडद्याच्या नावाखाली उशीर करू नये.

ती नेमकं काय करते?

गरोदरपणात ती रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लघवी आणि बाळाचे ठोके तपासते. कळा सुरू झाल्यावर बाईसोबत थांबते, चालू-फिरू देते, सोयीची स्थिती घ्यायला मदत करते, आणि कळा कशा पुढे सरकत आहेत याची कागदावर नोंद ठेवते. बाळ झाल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून इंजेक्शन देते, वार पूर्ण पडली का ते बघते, आणि पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावते. पुढे अंगावर पाजणे, टाक्यांची काळजी, पाळी, दोन मुलांतले अंतर, अंगावरून पांढरे जाणे, या गोष्टीही तिच्याशी मोकळेपणाने बोलता येतात. पुरुष डॉक्टरसमोर जे ओठांवर येत नाही, ते इथे सांगता येते. मिडवाइफच्या सेवेचा आपल्या बायकांना सगळ्यात मोठा फायदा कदाचित हाच आहे.

सिझरचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. सिझरचे एकूण प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. पण याचा अर्थ सिझर वाईट असा मुळीच नाही. गरजेचे सिझर जीव वाचवते. चांगली मिडवाइफ ती, जी उगाच घाई करत नाही आणि गरज दिसली की क्षणभरही उशीर न लावता डॉक्टरला बोलावते.

कोणी डॉक्टरकडेच जावे?

मिडवाइफची सेवा कमी जोखमीच्या बाळंतपणासाठी आहे. आधीचे सिझर, जुळी, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, वाढलेला रक्तदाब, साखर, वार खाली असणे, हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाणे, हृदयाचा आजार, यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाची देखरेख आणि ऑपरेशनची सोय असलेलाच दवाखाना हवा. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काही झाले तर घरात सल्लामसलत करत बसू नका. १०८ ला फोन करा.

निवडण्याआधी हे विचारा

• तुमची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आहे का? हा प्रश्न विचारणे म्हणजे अपमान नव्हे.
• कळांच्या वेळी तुम्ही स्वतः असाल का? रात्री कोण असते?
• अडचण आली तर कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या दवाखान्यात पाठवता? तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?
• रक्ताची सोय कुठे आहे?
• बाई डॉक्टर मिळेल का? पडदा कसा ठेवता?
• आई, सासू किंवा बहीण सोबत थांबू शकते का? सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच मुभा दिली आहे.
• बाळाच्या कानात अजान देण्यासाठी वडिलांना किंवा आजोबांना लवकर भेटू द्याल का?

शेवटचे दोन प्रश्न आधी विचारले की ऐनवेळी वाद होत नाही. बहुतेक ठिकाणी नीट सांगितले तर ऐकून घेतात.

घरीच मिडवाइफ बोलवावी का, असेही काही जण विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे : नको. जिथे रक्त, ऑपरेशन आणि गाडी हाताशी आहे, तिथेच बाळंतपण व्हावे.

खर्च आणि हक्क

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस मिळतात. त्या कपाटात पडू देऊ नका, कारण त्याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्त कमी असल्याचे आढळले. रमजान आला तर रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आई किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर शरीअतने सवलत दिली आहे.

चिल्ल्यातही तपासणी हवी

आपल्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. विश्रांती चांगलीच, पण त्यात तपासणी बुडू नये. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणे अपेक्षित आहे. त्यांना दारातूनच परत पाठवू नका. ताप, अंगावरून दुर्गंधी, सतत रडू येणे, छातीत गाठ, हे सगळे त्यांना सांगा. बाळाला चीक जरूर पाजा. तहनीक करायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि वर्षाच्या आत मध देऊ नका.

शेवटी एक विनंती घरातल्या पुरुषांना. आपण पैसे आणि गाडीची व्यवस्था करतो, ते आवश्यकच आहे. पण निर्णय घेताना जिचे बाळंतपण आहे तिला आधी विचारा. सातव्या महिन्यापर्यंत दवाखाना, मिडवाइफ, गाडी आणि रक्त देणारे दोघे ठरलेले असू द्या. एवढे केले तर कळा सुरू झाल्यावर घरात धावपळ होणार नाही, आणि इन्शाअल्लाह आई-बाळ दोघे सुखरूप घरी येतील.