सामना, हद्द आणि गुन्ह्यांची नोंद

२०१७ चा हंगाम संपला आणि दोन वर्षांपुरता निर्माण झालेला पुण्याचा संघ भारतीय प्रीमियर लीगमधून नाहीसा झाला. पुढील वर्षी, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पुणे शहर व पुणे ग्रामीण यांच्या हद्दींतून भाग काढून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. पुणे शहराचे वार्षिक आकडे जो कोणी एकाखाली एक मांडील, त्यास संघ गेल्यामुळे गुन्हे घटले असा भास होण्याचा पुरेपूर संभव आहे. वस्तुतः आकुंचन पावली ती हद्द.

'गुन्हे वाढले' या वाक्यात कर्तेपण गुन्ह्यांकडे जाते. क्रिया मात्र बहुधा नोंद करणाराची असते. सट्ट्याचा गुन्हा धाड पडल्यावाचून दप्तरात येत नाही. म्हणून हंगामातील त्याची वाढ ही प्रथमतः धाडींची वाढ होय.

याहून विचारार्ह सहसंबंध डेव्हिड कार्ड व गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात दाखविला. जिंकेल अशी खात्री असलेला स्थानिक संघ हरला, की पुरुषांनी पत्नीवर वा सहचारिणीवर घरात केलेल्या हिंसेच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. चुरशीच्या सामन्यातील पराभवाने तसे घडत नाही. अर्थात प्रश्न पराभवाचा नसून अपेक्षाभंगाचा आहे. ही अपेक्षा त्यांनी मोजली ती पैज लावणारांच्या भावांवरून! आपल्याकडे तो भाव चोरून चालतो. त्याचे दप्तर कोण देणार?

हा परिणाम मैदानाभोवती शोधून सापडणार नाही. सामने गहुंज्यास, मावळ तालुक्यात, होत. ते पाहणारी घरे कर्वेनगरातही असतात. महर्षी कर्व्यांनी १९०० साली अनाथ बालिकाश्रम हलविला तो याच हिंगण्याच्या माळावर. घरात स्त्रीचे काय होते हा प्रश्न येथे नवा नाही. परंतु अमेरिकेतील नोंद घटनेच्या दिवसाची व तासाची होती. आपल्याकडील पतीच्या क्रूरतेचा गुन्हा (पूर्वीचे कलम ४९८-क, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या छळाची एकत्रित फिर्याद म्हणून दाखल होतो. त्या फिर्यादीच्या तारखेचा कोणत्याही सायंकाळच्या सामन्याशी मेळ बसणार नाही. सहसंबंधाचा गुणांक शून्याजवळ येईल आणि उतावळा संशोधक त्यावरून मारहाण झालीच नाही असे लिहून मोकळा होईल.