कॅमेऱ्याचा सेन्सर: वेग हवा की प्रकाश?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले सहा आठवडे मी एका बारीक पट्टीचं झुकणं मोजत होते. उभी पट्टी डावी-उजवीकडे थरथरायची आणि व्हिडिओत उजवीकडे जाताना तिचं खालचं टोक पुढे गेलेलं दिसायचं. आलेख इतका सुरेख की मी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं. सरांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "कॅमेरा उलटा लावून बघितलास का?"

लावला. चित्र सरळ करून पाहिलं, तर आता वरचं टोक पुढे! म्हणजे पट्टी झुकतच नव्हती. झुकवत होता तो कॅमेरा.

झालं काय की, बहुतेक सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाहीत. एकेक ओळ वरून खाली वाचली जाते. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा वाचायला १/१५ सेकंद लागतो आणि समोर पंखा सेकंदाला ५ फेरे मारतोय. पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत पातं १२० अंश फिरलेलं असतं. पाती केळ्यासारखी वाकडी दिसणारच. हेच वाचन ४ मिलिसेकंदांत झालं, तर पातं फक्त सव्वासात अंशांच्या आसपास फिरतं.

मग सगळेच सेन्सर वेगवान का नाहीत? इथे खरी देवाणघेवाण सुरू होते.

पहिला मार्ग स्टॅक्ड सेन्सरचा. वर पिक्सेल, खाली वाचनाची सर्किटं, असे थर एकावर एक जोडायचे. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये ४५.७ मेगापिक्सेल इतक्या लवकर वाचले जातात की त्यांनी यांत्रिक शटर काढूनच टाकलं. अडचण एकच, हे बनवणं महाग पडतं. म्हणून २०२४ च्या झेड६ थ्रीमध्ये 'अंशतः स्टॅक्ड' असा मधला मार्ग आला: वेगवान सर्किटं फक्त पिक्सेलच्या वर आणि खाली पट्ट्यांत. काही कॅमेरे तर वेगासाठी १४ ऐवजी १२ बिटांवर येतात, म्हणजे छटांच्या पायऱ्याच कमी करतात.

दुसरा मार्ग ग्लोबल शटरचा. सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश घेणं थांबवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री हा असा पहिला फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा. २४.६ मेगापिक्सेल, सेकंदाला १२० फोटो, आणि वाकडेपणा शून्य. पण थांबवलेला चार्ज आपली पाळी येईपर्यंत ठेवायचा कुठे? त्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्येच एक छोटं कोठार लागतं. जागा तेवढीच, त्यात कोठार आलं की प्रकाशाचा वाटा घटतो. या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ १०० नसून २५० आहे, तो उगाच नाही.

याचा हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. एका पिक्सेलमध्ये ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि वाचनाचा गोंगाट ३ इलेक्ट्रॉन आहे. भागाकार साधारण १६,७००, म्हणजे २ चा जवळपास १४ वा घात: १४ स्टॉपची डायनॅमिक रेंज. क्षमता २०,००० वर आली की सव्वा स्टॉपहून जास्त रेंज जाते. शिवाय प्रकाशाचा स्वतःचा गोंगाट वर्गमुळाने चालतो. ५०,००० इलेक्ट्रॉनना सिग्नल-नॉइज गुणोत्तर २२४, तर २०,००० ना १४१. हा फटका सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही, कारण जो प्रकाश साठवलाच नाही तो परत आणता येत नाही.

म्हणून 'सगळ्यात चांगला सेन्सर कोणता' हा प्रश्नच अर्धवट आहे. क्रिकेटची बॅट किंवा गोल्फचा दांडा टिपायचा तर ग्लोबल शटर सोन्यासारखं. पहाटेचा डोंगर टिपायचा तर तोच पैसा वाया, तिथे संथ पण खोल पिक्सेल बरा.

आपल्या प्रयोगशाळेत उपकरण घेतानाही हेच. मी तेव्हा फक्त मेगापिक्सेल पाहिले होते. आता तीन प्रश्न आधी विचारते: माझी वस्तू किती वेगाने हलते? पूर्ण फ्रेम वाचायला किती वेळ लागतो? आणि त्या वेगासाठी मी काय गमावतेय?

आणि हो, निकाल फारच सुंदर आला, तर एकदा कॅमेरा उलटा लावून बघा. माझ्या पेपरचं शीर्षक गेलं, पण थीसिस वाचला.