धुराचा ठावठिकाणा

उत्तर ध्रुवापासून जेमतेम बाराशे किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुन्ड हे चिमुकले गाव आहे. ते वसले कोळशासाठी. १९६२ साली तिथल्या खाणीत स्फोट होऊन २१ माणसे दगावली. पुढच्याच वर्षी खाणकाम कायमचे थांबले. आज त्याच गावात देशोदेशीचे शास्त्रज्ञ राहतात आणि दुसऱ्यांनी जाळलेल्या कोळशाचा धूर मोजतात! आपले ‘हिमाद्री’ केंद्रही २००८ पासून तिथेच आहे.

गावालगतच्या झेपेलिन डोंगरावर, ४७४ मीटर उंचीवर, १९८९ पासून हवेची वेधशाळा आहे. गावाचा धूरही यंत्रांना लागू नये म्हणून ती इतक्या वर. जायचे ते पाळण्यात बसून. पण इतक्या निर्मळ जागी मोजायचे तरी काय? मुंबईत चेंबूरला यंत्र बसवले तर ते प्रामुख्याने चेंबूरचाच हिशेब सांगेल. मी जन्मभर बँकेत खतावण्या जुळवल्या, त्यामुळे मला हे चटकन पटले. ज्या खात्यात स्वतःचा व्यवहार जवळजवळ नाहीच, तिथे पडलेली नोंद दुसऱ्या कुणाकडून तरी आलेली असते.

मे २००६ मध्ये तिथले नितळ आकाश पिवळट-तपकिरी झाले. वाऱ्याची वाट उलटी शोधत गेल्यावर उगम सापडला पूर्व युरोपातल्या शेतांत. आपल्या कोकणात पेरणीआधी राब भाजतात, तशीच तिथल्या शेतकऱ्यांनी राने पेटवली होती.

धूर निदान डोळ्यांना दिसतो. कीटकनाशके दिसतही नाहीत. उष्ण प्रदेशात ती वाफ होऊन वाऱ्यावर चढतात, थंडीत खाली उतरतात, पुन्हा उडतात आणि असे टप्पे घेत ध्रुवाकडे पोचतात. थंडीत ती लवकर विघटितही होत नाहीत. आपल्याकडे कापसावर आणि केरळात कासरगोडच्या काजूबागांवर फवारलेले एन्डोसल्फान घ्या. ते आर्क्टिकच्या हवेत सापडले, आणि ते दूरवर पसरते याचा हा ठोस पुरावा ठरला. भारताचा बंदीला बराच काळ विरोध होता. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये जीनिव्हात जागतिक बंदीचा निर्णय झाला. मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचे उत्पादन आणि विक्री थांबवली. कासरगोडच्या आजारी मुलांची छायाचित्रे आपण त्याआधी कित्येक वर्षे पाहत होतो, हे मात्र विसरता येत नाही.

याहून जिव्हारी लागणारी हकीकत कॅनडाची आहे. १९८० च्या दशकात क्वेबेकच्या संशोधकांना तुलनेसाठी अगदी शुद्ध मातृदुग्ध हवे होते. म्हणून त्यांनी दूर उत्तरेतल्या इन्युइट मातांचे नमुने घेतले. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरले जाणारे पीसीबी हे रसायन त्या दुधात दक्षिणेतल्या मातांच्या सुमारे पाचपट निघाले. हवेतून आणि समुद्रप्रवाहांतून आलेले विष माशांत, माशांतून सीलच्या चरबीत आणि चरबीतून त्या बायकांच्या अंगात साठले होते. ज्या कारखान्यांतून ते आले, ते या बायकांनी कधी पाहिलेही नव्हते. डॉक्टरांनी त्यांना सांगायचे तरी काय? बराच विचार करून त्यांनी सांगितले, बाळाला अंगावरच पाजा. त्याचे फायदे अजूनही जास्त आहेत.